श्वास रोखा, हलू नका

मौन ही जंगलाची मातृभाषा आहे. हे वाक्य बाळ मेहेंदळे सरांनी नारायण पेठेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात उच्चारलं आणि त्यानंतर ते दोन तास वीस मिनिटं बोलले.

मध्येच एका खुर्चीचा पाय करकरला. सर थांबले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेला. चित्ता गेला."

"सॉरी सर."

"आता सॉरी कुणाला म्हणताय? तो टांझानियात पोचला."

खुर्चीवरच्या माणसाचं नाव शकील तांबोळी. वय साठ. बुधवार पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात चौतीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या खुर्चीबद्दल कुणी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना खुर्ची नव्हती.

मेहेंदळे सर दर ऑगस्टमध्ये पुण्यातली दहा माणसं केनियाला, मसाई माराच्या गवताळ जंगलात, प्राण्यांचे फोटो काढायला नेत. माणसं जी येतील ती घेत, पण निवडून घेतल्यासारखी वागवत. नियम अकरा होते. अत्तर नको, भडक कपडे नकोत, डब्याच्या झाकणाचा आवाज नको. सातवा नियम तांबड्या अक्षरांत छापला होता. प्राणी समोर असताना एक शब्दही उच्चारायचा नाही. उच्चारला तर ताकीद. पुन्हा उच्चारला तर शेवटच्या सकाळी तंबूत बसायचं.

शेवटची सकाळ म्हणजे नदीची सकाळ. विल्डबीस्ट नावाची हजारो शिंगाळी जनावरं काठावर जमतात आणि एकदम पाण्यात उड्या टाकतात, पाण्यात मगरी असतात, आणि फोटो काढणाऱ्याला फक्त बटण दाबत राहायचं असतं. त्या सकाळी कुणाचा फोटो वाईट आला असं आजवर झालं नव्हतं. पुण्यात परतल्यावर सर प्रदर्शन भरवत. प्रत्येकाचा एक फोटो, काळ्या चौकटीत, खाली नाव.

शकीलभाई त्या नावासाठी निघाले होते. त्यांनी आयुष्यात अंदाजे दोन लाख फोटो काढले होते. प्रत्येकावर पेशंटचं नाव होतं, आणि पाकिटावर डॉक्टरांचं. काढणाऱ्याचं नाव लिहायला तिथे जागाच ठेवलेली नसते.

निवृत्तीच्या दिवशी दवाखान्याने त्यांना शाल, नारळ आणि एक कॅमेरा दिला. कॅमेऱ्यातला पहिला फोटो त्यांनी बायकोचा काढला. जरीनाबींनी तो चष्मा लावून पाहिला.

"हे कोण?"

"तू."

"अजी, मला डोकं आहे."

फोटो गळ्यापासून बेंबीपर्यंत होता. अगदी मधोमध, दोन्ही खांदे एका रेषेत, अतिशय स्वच्छ.

"आयुष्यभर माणसांच्या आतलं बघितलंत," जरीनाबी म्हणाल्या, "आता जरा बाहेरचं बघून या." त्यांना स्वतःला गुडघ्यांमुळे जमणार नव्हतं. त्या घरात दखनी बोलत, दारात मराठी, आणि टोमणा मारायचा असला की जी भाषा समोरच्याला जास्त लागेल ती.

सरावासाठी सरांनी एका रविवारी मंडळींना खडकवासल्याच्या पाण्यालगतच्या माळावर नेलं. सिंहांच्या जागी म्हशी होत्या. जीप संपतशेठची होती. संपतशेठ बाणेरचे. वडिलांची ज्वारी जिथे व्हायची तिथे आता बावीस मजल्यांच्या तीन इमारती उभ्या होत्या, त्यामुळे शेठना सकाळपासून करायला काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी मुसळाएवढी लेन्स घेतली होती. त्यांची बायको प्रेमलाताई त्या दहा जणांत नव्हत्या, फोटो काढणार नव्हत्या. हा माणूस परदेशात काय खाईल, या एका काळजीने त्या केनियाला निघाल्या होत्या.

एवढी जड लेन्स हातात धरता येत नाही, ती टेकवायला एक भरलेली पिशवी लागते. तिला बीनबॅग म्हणतात. सरांनी प्रेमलाताईंची पिशवी दाबून पाहिली.

"यात काय भरलंय?"

"इंद्रायणी," प्रेमलाताई म्हणाल्या. "पाच किलो. तिकडं काय मिळंल न मिळंल. शेवटच्या दिवशी भात घालू की."

म्हशींचा मालक गेनबा बाभळीखाली बसून हे सगळं बघत होता. "काय चाललंय वो?" त्याने विचारलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. "आवो, बोला की," गेनबा म्हणाला, "म्हशी माझ्याच हायत. त्यांला मराठी कळतंय."

शकीलभाईंची पाळी आली. त्यांनी एका म्हशीवर कॅमेरा रोखला. माळावर शांतता होती, वारा पडला होता. आणि त्या शांततेत एक स्वच्छ, सपाट, जराही घाई नसलेला आवाज आला.

"श्वास घ्या. रोखा. हलू नका."

खटका वाजला.

"सोडा."

म्हैस हलली नाही. मेहेंदळे सर हलले.

"तांबोळी, तुम्ही म्हशीला काय म्हणालात?"

"सवय आहे सर. बोट बटणावर गेलं की तोंडातून जातं."

"बोट बटणावर गेलं की."

"हो सर. चौतीस वर्षं."

"आपण तिकडे बटणं दाबायलाच चाललोय, तांबोळी."

"पण म्हशीनं ऐकलं बगा," गेनबा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस घरी सराव चालला. जरीनाबी समोर बसून तांदूळ निवडत, शकीलभाई ओठ आवळून बटण दाबत. पहिले अकरा फोटो नीट गेले. बाराव्याला "रो" एवढंच बाहेर पडलं.

"गेला," जरीनाबी मान वर न करता म्हणाल्या. "चित्ता."

खरा चित्ता तिसऱ्या दिवशी गेला.

सरांच्या गाडीत पाच जण होते. पुढे चालवायला जोसेफ. तो मसाई होता, बावीस वर्षं हेच काम करत होता आणि गवताकडे नुसतं बघून त्यात कोण बसलंय ते सांगत होता. त्याच्या शेजारी सर. मधल्या ओळीत संपतशेठ आणि प्रेमलाताई. मागे एकटे शकीलभाई. गाडीला काचा नव्हत्या, बाजूला मांडीएवढ्या उंचीचे दरवाजे होते आणि त्यापलीकडे थेट आफ्रिका.

चित्त्याची मादी वारुळावर उभी होती. समोर ऐंशी पावलांवर एक हरीण चरत होतं. मादी खाली उतरली, पोट जमिनीला लावून पुढे सरकली, थांबली. हरणाने मान वर केली, पुन्हा खाली घातली. ती पुन्हा सरकली. चाळीस मिनिटं हे चाललं. गाडीत कुणी थुंकीही गिळली नाही. मग मादीच्या खांद्याचे स्नायू गोळा झाले, आणि शकीलभाईंचं बोट बटणावर गेलं.

"श्वास घ्या. रोखा. हलू..."

हरीण हललं. एका उडीत दहा हात, दुसऱ्या उडीत दिसेनासं. चित्त्याच्या मादीने वळून गाडीकडे पाहिलं. दवाखान्याच्या दारावर 'आज यंत्र बंद आहे' ही पाटी वाचून पेशंट जसे बघत, तसं.

रात्री जेवताना सर म्हणाले, "तांबोळी, ताकीद. आता एक शब्द, आणि नदी विसरा." मग आवाज थोडा खाली आणून, "मला आनंद होत नाही. पण मागच्या वर्षी एका डॉक्टरबाईंना बसवलं होतं. त्यांनाही मी हेच म्हणालो."

त्या दिवसापासून शकीलभाईंना प्राणी दिसला की घाम फुटू लागला. दोन्ही हात कॅमेऱ्याला लागतात, तोंड दाबायला तिसरा नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी प्रेमलाताईंनी पर्समधून एक डबी काढून त्यांच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला.

"गालात धरा. ईरघळंपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. आमच्या सासूबाई पोथी ऐकताना बोलायच्या, त्यांला असंच करायचो."

उपाय लागू पडला. तीन दिवस शकीलभाई प्राण्यासमोर एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी सर त्यांचे फोटो बघत.

"याला तोंड होतं का?"

"होतं सर."

"मग कुठे गेलं?"

"मी छातीवर सेंटर केलं."

झेब्र्याची छाती होती, जिराफाची होती, हत्तीची तर चौकटीत मावली नव्हती. प्रत्येक फोटो कमालीचा स्थिर होता. "प्रदर्शनात यातलं काही लावता येणार नाही," सर म्हणाले. "तुमची सगळी मदार नदीवर."

हे शकीलभाईंना माहीत होतं.

सातवा दिवस. दुपार. उद्या नदी.

दोन नर सिंह डाव्या बाजूच्या उंचवट्यावर झोपले होते. जोसेफने गाडी पंचवीस पावलांवर उभी केली आणि इंजिन बंद केलं. सरांनी मागे वळून एक बोट ओठांवर ठेवलं, दुसरं शकीलभाईंकडे रोखलं. शकीलभाईंनी गाल फुगवून खडीसाखर दाखवली.

संपतशेठ उजव्या कडेला बसले होते, सिंह डावीकडे होते. त्यांनी लेन्स फिरवली आणि टेकवायला जवळ होतं त्यावर, म्हणजे प्रेमलाताईंच्या खांद्यावर, टेकवली. प्रेमलाताईंनी डोळे मिटून घेतले. उजव्या दरवाज्याच्या कडेवर ठेवलेली इंद्रायणीची पिशवी या गडबडीत घसरून बाहेर गवतात पडली. आवाज झाला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेठच्याच मागे उजव्या कडेला बसलेल्या शकीलभाईंना डावीकडे फक्त तीन पाठी दिसत होत्या. म्हणून ते उजवीकडे बघत होते.

गवत हललं. गवतातून एक सिंहीण आली. ती कुणाकडे न बघता चालत आली, जणू दुपारी या वेळेला ती रोज इथेच येते. ऊन रणरणत होतं आणि दूरपर्यंत सावली फक्त या गाडीची पडली होती. सिंहीण त्या सावलीत शिरली, गाडीला अंग घासून बसली आणि तिने हनुवटी इंद्रायणीच्या पिशवीवर टेकली.

शकीलभाईंपासून ती चार हातांवर होती. तिच्या कानाला लागलेली गोचीड त्यांना दिसत होती. नाकावर जुना व्रण होता. त्यांनी कॅमेरा हळूच वर घेतला. छातीवर सेंटर करायला छाती दिसतच नव्हती, ती गाडीच्या आड होती. दिसत होतं ते फक्त तोंड. त्यांनी दोन्ही डोळे नेमके चौकटीत घेतले. खडीसाखरेचा खडा दाताखाली दाबला. आयुष्यातला एक फोटो, फक्त बटण दाबायचं होतं.

तेवढ्यात प्रेमलाताईंचा खांदा दुखला. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नवऱ्याला चिमटा काढला. संपतशेठना चिमट्याचा अर्थ कळला. त्यांना पिशवी आठवली. डोळा लेन्समधून न काढता त्यांनी उजवा हात मागे नेला आणि दरवाज्याची कड चाचपली. पिशवी तिथे नव्हती. मग हात कडेवरून बाहेर गेला आणि पिशवी शोधत खाली उतरू लागला.

मनगटात जाड सोन्याचं कडं होतं. ते उन्हात चमकलं. सिंहिणीने डोकं वर केलं.

शकीलभाईंना सगळं एकदम दिसलं. हात ओढावा तर मध्ये सीटची पाठ होती, आणि ओढलेला हात झटक्याने हलतो. सर पाठमोरे, जोसेफ पाठमोरा. हात आणखी वीतभर खाली आला. बोटं उघडमीट करत होती. बोललं तर नदी गेली, प्रदर्शन गेलं, चौकटीखालचं नाव गेलं. हा विचार त्यांनी केला की नाही हे त्यांना नंतर आठवेना. त्यांनी खडा गालात सारला.

"श्वास घ्या."

आवाज मोठा नव्हता. ओरडणं तर नव्हतंच. एक्स-रेच्या खोलीत शिशाच्या पडद्यामागून येतो तो आवाज होता.

"रोखा. हलू नका."

पुण्यातला माणूस कुणाचं ऐकत नाही. पोलिसाचं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही, डॉक्टरने सांगितलेलं दुसऱ्या डॉक्टरला विचारून मग ऐकत नाही. पण एक्स-रेवाला श्वास रोखा म्हणाला, की तो रोखतो. का, हे विचारत नाही. संपतशेठची छाती फुगली आणि हात जिथे होता तिथे थांबला. सिंहिणीच्या कपाळापासून वीतभर वर.

खटका वाजला. तो शकीलभाईंच्या बोटाने आपणहून वाजवला.

प्रेमलाताईंनी श्वास रोखला होता. सरांनी रोखला होता. जोसेफला मराठी येत नव्हतं, त्यानेही रोखला होता, आणि आरशात बघितल्यावर तर पक्का रोखला.

सिंहिणीने नाक वर केलं. कड्याचा वास घेतला. हाताचा घेतला. तिच्या मिशा संपतशेठच्या करंगळीला लागल्या. पाच सेकंद. दहा. आता 'सोडा' म्हणायची वेळ झाली होती. चौतीस वर्षांत शकीलभाईंनी कुणाला एवढा वेळ श्वास रोखायला लावला नव्हता. साठीचा माणूस, पोट सुटलेलं, तंबाखू असावी. वीस सेकंद, फार तर पंचवीस. संपतशेठचा कान लाल झाला, मग मान. दंडाचा स्नायू थरथरू लागला. थरथर कोपरात उतरली. सिंहिणीचे डोळे कड्याबरोबर बारीक बारीक हलू लागले.

"हलू नका," शकीलभाई पुन्हा म्हणाले. त्याच आवाजात.

थरथर थांबली.

सिंहीण उठली. तिने पिशवीवर एक पंजा ठेवून आळस दिला, पिशवीची शिवण उसवली, आणि ती गाडीच्या मागून वळसा घालून, आली तशी, कुणाकडे न बघता गवतात निघून गेली. शकीलभाईंनी तिची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत थांबून मग सांगितलं.

"सोडा."

गाडीभर श्वास सुटला. उंचवट्यावरचे दोन्ही नर उठून उभे राहिले, त्यांनी एकदा आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि ते पलीकडच्या उतारावर निघून गेले. सरांनी रिकाम्या उंचवट्याकडे पाहिलं. मग मागे वळून विचारलं,

"कोण बोललं?"

कॅमेऱ्यातला फोटो बघेपर्यंत संपतशेठना काय झालं ते कळलंच नव्हतं. फोटो बघितल्यावर ते खाली बसले. दोन बाटल्या पाणी प्यायले. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने धरून ठेवला.

संध्याकाळी तंबूसमोर सरांनी नियम सातवा वाचून दाखवला.

"सर, काय बोलताय?" संपतशेठ उठून उभे राहिले. "ह्यांच्यामुळं माझा हात हाय!"

"हाताचा प्रश्न वेगळा. हातासाठी मी त्यांचे आभार मानलेत, मघाशीच मानलेत. शिस्तीचा प्रश्न वेगळा."

"मग मी पण नाय जात नदीवर."

प्रेमलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एवढं लांब आलोय, असं त्या नजरेत होतं. शकीलभाईच म्हणाले, "तुम्ही जा शेठ. सर बरोबर आहेत. आमच्यातसुद्धा पेशंट मध्ये बोलला तर फिल्म वाया जाते. कारण काही का असेना."

सरांनी नियमांचा कागद तसाच उघडा धरला होता. कुणीतरी भांडावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या गाड्या गेल्या. निघताना जोसेफ शकीलभाईंच्या तंबूपाशी आला, आपला चहाचा थर्मास त्यांच्या हातात देऊन गेला. दुपारी मंडळी परतली. विल्डबीस्टनी नदी पार केली होती. सव्वा तास. मगरींनी तीन नेले. सर म्हणाले, एकोणीस वर्षांत एवढी सुरेख पार झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

शकीलभाईंनी तोवर थर्मास धुऊन ठेवला होता.

प्रदर्शनाचे फोटो निवडायला मंडळी पुन्हा नारायण पेठेत जमली. नऊ जणांचे नऊ नदीचे फोटो होते. दहावा शकीलभाईंचा. सरांनी तो पडद्यावर लावला. कोपरापासून पुढचा हात, मनगटात कडं, बोटं अर्धी उघडी. खाली सिंहिणीचं वर उचललेलं तोंड. मध्ये वीतभर हवा. दोन्ही डोळे सुईसारखे टोकदार, आणि ते त्या बोटांकडे बघत होते.

"फोकस अचूक आहे," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. "पण निसर्गचित्रात माणूस चालत नाही. नियम नववा."

खोलीत चुळबुळ झाली. सरांनी हात वर केला.

"मार्ग आहे. वरचा भाग कापू. हात जाईल, सिंहीण राहील. मग तांबोळींचा फोटो लागतो, नावासकट. आणि मी सांगतो, तो तिथला सर्वांत चांगला असेल."

"माझा हात कापताय?" संपतशेठ म्हणाले. "सिंहिणीनं नाय कापला!"

सगळे हसले. शकीलभाई हसले नाहीत. ते पडद्यावर बघत होते. सरांनी कॉम्प्युटरवर चौकट खाली ओढली, हात नाहीसा झाला. राहिली एक सिंहीण, वर बघणारी.

"लावू?"

"हात काढला तर ती कशाकडे बघतेय ते कळत नाही, सर."

"आकाशाकडे बघतेय असं वाटेल. काव्यात्म वाटेल."

"ती आकाशाकडे बघत नव्हती."

"तांबोळी, नीट विचार करा. तुमच्याकडे दुसरा फोटो नाही."

शकीलभाईंनी खुर्ची मागे घेतली. ती करकरली नाही, त्यांनी उचलून घेतली. "आमच्यात भाग कापून फिल्म देत नाहीत," ते म्हणाले. "राहू द्या सर."

प्रदर्शनात नऊ फोटो लागले. शकीलभाई तिन्ही दिवस गेले, वहीत अभिप्राय लिहिला, संपतशेठच्या फोटोखाली उभं राहून त्यांच्याबरोबर चहा घेतला. निघताना संपतशेठ म्हणाले, "शकीलभाई, तो हाताचा फोटू मला द्या. तुम्ही मागाल ते..."

"काही नको. घ्या."

"नाव टाकतो तुमचं. शब्द देतो."

पुढच्या महिन्यात एका सकाळी संपतशेठचा फोन आला. "चौकात या, बाणेरला. वैनींना पण आणा. बगाच."

शकीलभाईंनी जरीनाबींना स्कूटरवर मागे बसवलं. गुडघ्यांमुळे बसायला वेळ लागला. चौकात चार मजले उंचीचा फ्लेक्स होता. संपतशेठना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. कोपरापासून पुढचा हात फोटोतलाच होता. त्याला डिझायनरने लग्नातले संपतशेठ जोडले होते, फेटा आणि गॉगल लावलेले. हात आणि सिंहाचं डोकं यांच्यातली वीतभर हवा काढून टाकली होती, आता हात थेट डोक्यावर होता. सिंहीण बाईसारखी वाटते म्हणून तिला आयाळ लावली होती. वर लिहिलं होतं, 'जंगलाचा राजाही ज्यांच्यापुढे झुकतो'.

खाली शुभेच्छुकांची नावं होती. क्रेनवाले संभाजीनाना, समस्त ग्रामस्थ, आणि त्यांच्यामध्ये, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरांत, 'शकीलभाई एक्स-रेवाले'.

शेजारच्या पानटपरीवर दोन पोरं वर बघत होती. "एडिटिंग भारी केलंय यार," एक म्हणाला.

जरीनाबींनी हाताचा आडोसा करून फ्लेक्स डावीकडून उजवीकडे वाचला. नवऱ्याचं नाव दोनदा वाचलं.

"यातलं तुम्ही काढलेलं काय आहे?"

शकीलभाईंनी फ्लेक्स खालपासून वरपर्यंत तपासला.

"हात," ते म्हणाले.

जरीनाबींनी पदर नीट केला आणि मोबाइल काढून त्या फ्लेक्सचा फोटो काढला. शकीलभाई शेजारी उभे होते, त्यांनी श्वास रोखलेला होता.

तिसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी आली आणि तो फ्लेक्स, त्या रस्त्यावरच्या आणखी सव्वीस फ्लेक्सबरोबर, विनापरवाना म्हणून उतरवून घेऊन गेली.